गोळीला कळतं, ती कुठं आहे ते

संध्याकाळची वेळ आहे. कुणी भाजी चिरत असेल, कुणी ज्वारी निवडत बसली असेल. हातातलं काम सोडू नका, कान तेवढे इकडं द्या. आज खलबत्त्याची गोष्ट सांगायची आहे.

आमच्या एका गटात एक सून आहे. नाव सांगत नाही, पण गोष्ट जरूर सांगा असं तिनंच आम्हाला सांगितलं. तिच्या सासूला बीपीची गोळी सुरू आहे. रोज सकाळी एक, चोवीस तास पुरणारी. म्हातारी म्हणायची, "मले गोळी गिळल्या जात नाही वो, नरड्यातच अटकते." सुनेला वाटलं, त्यात काय एवढं. तिनं गोळी खलबत्त्यात बारीक कुटली आणि चमचाभर दह्यात कालवून दिली. म्हातारी खूश, सून खूश. मायेनंच केलेलं काम होतं ते.

निंदनाचे दिवस होते. सून वावरात गेलेली. दुपारच्या आधीच म्हातारी ओट्यावरून उठली, भोवळ आली आणि अंगणात पडली. मनगट मोडलं. दवाखान्यात नेलं तर बीपी एकदम खाली गेलेलं. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी कशी देता?" ती म्हणाली, "कुटून देतो जी." तेव्हा कुठं उलगडा झाला. चोवीस तासांत हळूहळू सुटायचं औषध एकाच वेळी अंगात गेलं होतं.

दीड महिना प्लास्टर. ऐन निंदनाची मजुरी बुडाली. गटाचा त्या महिन्याचा हप्ता आम्ही सगळ्यांनी मिळून भरला. पण तिच्या मनाला जे लागलं ते काही भरून निघालं नाही. "मी माह्या हातानं बुढीले पाडलं," असं ती बैठकीत म्हणाली. आम्ही सगळ्या गप्प झालो, कारण गोळ्या कुटून देणारी ती एकटी नव्हती. बैठकीत हात वर करायला सांगितले तेव्हा अकरा बायांपैकी सात जणींनी हात वर केले. कुणी कुटते, कुणी अर्धी मोडते, कुणी कॅप्सूल उघडून पूड पाण्यात टाकते. आणि खरं सांगायचं तर आमच्यातल्या दोघींनी ॲसिडिटीची एकच गोळी मोडून अर्धी-अर्धी खाल्लेली आहे, एस.टी.त बसल्या बसल्या.

मग आम्ही ठरवलं की हे समजून घ्यायचं. आम्ही बी.ए.वाल्या, रसायनशास्त्र दहावीलाच सुटलं. वाचून, विचारून जे कळलं ते सांगतो.

आधी घरातलाच एक प्रयोग बघा. हळदीत चुना कालवला की काय होतं? लाल होते. पूर्वी कुंकू असंच घरी करायचे. हळदीचा डाग पडलेलं लुगडं साबणानं धुतलं की डाग लालभडक होतो आणि आपण घाबरतो, तेही हेच. आता त्या लाल हळदीवर लिंबू पिळा. परत पिवळी. म्हणजे हळदीला कळतं, आजूबाजूला आंबट आहे की चुन्यासारखं खारं. जीव नाही, डोळे नाहीत, तरी ती जागा ओळखते आणि रंग बदलते. शास्त्रज्ञ या आंबट-खारटपणाच्या मापाला पीएच म्हणतात. आकडा जितका लहान तितकं जास्त आंबट. आपल्या पोटातला रस १ ते २ च्या घरात असतो, लिंबाच्या रसासारखा किंवा त्याहूनही आंबट. आतड्यात अन्न उतरलं की तो आंबटपणा मरतो आणि आकडा ६-७ पर्यंत जातो.

आता ॲसिडिटीची गोळी घ्या, पँटोप्राझोल म्हणतात ती. गंमत अशी, की पोटातलं ॲसिड कमी करणारं हे औषध स्वतः मात्र ॲसिडमध्ये टिकत नाही. पोटातच सुटं झालं तर तिथंच नासतं, उपयोग शून्य. म्हणून त्या गोळीला वरून एक आवरण दिलेलं असतं. ते आवरण आंबटात विरघळत नाही. पोटातून गोळी जशीच्या तशी पुढं सरकते. आतड्यात आंबटपणा गेला की आवरण विरघळतं, औषध बाहेर येतं, रक्तात जातं आणि मग काम करतं. आम्ही एस.टी.त गोळी मोडली तेव्हा मोडलेल्या बाजूनं ते आवरणच फोडलं. दोघींनी अर्धी-अर्धी खाल्ली आणि फायदा एकीलाही झाला नाही. पैसे वाचवले असं मात्र वाटलं!

आवरणाला हे कळतं कसं, ते दुधावरून सांगतो. दुधात लिंबू पिळलं की दूध फाटतं. असं का होतं? दुधातल्या प्रोटीनच्या कणांवर एकाच जातीचा विजेचा भार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात आणि पाण्यात सुटे सुटे तरंगत राहतात. लिंबाच्या आंबटानं तो भार मरतो. मग दूर लोटायला काही उरत नाही, कण एकमेकांना चिकटतात आणि गोळे होतात. गोळीच्या आवरणाचंही तसंच आहे. आंबट पोटात त्याच्यावर भार नसतो, ते घट्ट मिटून बसतं. आतड्यात भार येतो, त्याचे धागे एकमेकांना दूर लोटतात आणि ते पाण्यात विरघळून जातं.

दुसरी जात आहे ती दिवसभर पुरणाऱ्या गोळीची, आपल्या म्हातारीच्या गोळीसारखी. या अनेक प्रकारे करतात. एक प्रकार आपल्याला जवळचा आहे म्हणून तोच सांगतो. जिनिंगमधून कापूस निघाल्यावर सरकीवर जी बारीक लव राहते ना, तिच्यापासून किंवा लाकडाच्या लगद्यापासून सेल्युलोज काढतात. त्याच्यावर रासायनिक प्रक्रिया करून एक पांढरी पूड बनते. नाव मोठं लांबलचक आहे, ते सोडा. औषध आणि ही पूड मिळून गोळी दाबतात. पोटातलं पाणी लागलं की गोळीचा बाहेरचा थर सब्जासारखा फुगतो, चिकट होतो. त्या चिकट थरातून औषध झिरपत झिरपत बाहेर येतं. दहा-बारा तास, कधी चोवीस तास. वऱ्हाडातल्या सरकीची लव म्हातारीच्या गोळीत गेली असेल की नाही कोण जाणे, पण जात तीच.

ती गोळी खलबत्त्यात कुटली की थरच उरत नाही. पूड झाली की सगळं औषध एकदम सुटतं. दिवसभराचं रेशन एका घासात, असं समजा.

जाता जाता एक सांगतो, कारण दोन-तीन जणींनी घाबरून विचारलं होतं. अशा काही गोळ्यांचं रिकामं टरफल किंवा फुगलेला गोळा शौचात दिसतो. "गोळी तशीच बाहेर आली, लागूच पडली नाही," असं वाटतं. औषध आतून निघून गेलेलं असतं, उरतो तो सांगाडा. त्यावरून दुसरी गोळी खाऊ नका. शंका असेल तर डॉक्टरांना विचारा.

हे सगळं वाचताना आम्हाला पुण्याची गोष्ट सापडली. खरं म्हणजे ती सांगायचीच म्हणून आजचा हा कार्यक्रम घेतला.

पुण्यात पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. ३ जानेवारी १९५० ला पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. तिथं डॉ. रघुनाथ माशेलकर होते, १९८९ ते १९९५ संचालक. गोव्यातल्या माशेल गावचे. वडील लहानपणीच गेले, आई अंजनीबाईंनी मुंबईत मिळेल ते काम करून शिकवलं. मुलगा म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकला, रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला. आईच्या नावानं ते आज नव्या शोधांना पुरस्कार देतात. तुम्ही त्यांचं नाव हळदीमुळं ऐकलं असेल. हळदीनं जखम भरते, हा आपल्या आजीचा शोध अमेरिकेत १९९५ साली दुसऱ्यांच्या नावावर पेटंट झाला होता. माशेलकर त्या वेळी देशभरच्या प्रयोगशाळांच्या संस्थेचे प्रमुख होते. त्या संस्थेनं लढून १९९७ मध्ये तो रद्द करवला.

पण माशेलकरांचा आणि त्यांच्या सोबत्यांचा मूळ विषय होता पॉलिमर, म्हणजे लांब लांब साखळीचे पदार्थ. त्यातही पाणी धरून ठेवणारे, जेलीसारखे. या प्रयोगशाळेनं 'जलशक्ती' नावाचा पदार्थ तयार केला होता, कोरडवाहू शेतीसाठी. स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी पिऊन फुगायचं आणि मुळांना हळूहळू द्यायचं. त्याच जातीचा पदार्थ आज लेकराच्या डायपरमध्ये आणि पातळ पॅडमध्ये असतो. आम्ही एक नवं पॅड बैठकीत कापलं. आतली पूड ताटलीत काढली आणि पाणी टाकलं. बघता बघता जेली झाली. मग त्याच्यावर चमचाभर मीठ टाकलं. जेली आकसली, सगळं पाणी सुटलं. एक काकू म्हणाल्या, "वांग्यावानी पाणी सोडून राह्यलं माय!" जेलीला मीठ कळलं. हा प्रयोग घरी जरूर करा, पोट्ट्यांनाही दाखवा. फक्त झाल्यावर तो चिकटा मोरीत टाकू नका, नळी तुंबते.

याच पुण्याच्या प्रयोगशाळेत शायनी व्हर्गिस नावाची एक विद्यार्थिनी पीएच.डी. करत होती. माशेलकर आणि डॉ. आशिष लेले यांच्याबरोबर तिनं अशा जेलींवर काम केलं ज्या आजूबाजूचं ओळखून वागतात. त्यातली एक जेली अशी होती, की कापून तांब्याच्या क्षाराच्या पाण्यात ठेवली की तुकडे परत जुळायचे. त्यांनी हे काम २००६ साली छापलं. जखम भरते तशी जेली भरते! पण माणसाच्या पोटात काही तांब्याचं पाणी ओतता येत नाही.

शायनीताई पुढं अमेरिकेला गेल्या आणि कॅलिफोर्नियात सॅन दिएगोच्या विद्यापीठात त्यांची स्वतःची प्रयोगशाळा झाली. तिथं अमेय फडके नावाचा त्यांचा विद्यार्थी होता. २०१२ मध्ये त्यांनी एक शोधनिबंध छापला, त्यात पुण्याच्या लेले आणि माशेलकरांचीही नावं आहेत. जेली त्याच घराण्यातली, पण आता तांबं नको. नुसतं आंबट पाणी पुरे. दोन तुकडे आंबट पाण्यात एकमेकांना लावले की काही सेकंदांत जुळतात, ओढले तरी सुटत नाहीत. पाणी खारं केलं, म्हणजे चुन्याच्या बाजूला नेलं, की परत वेगळे. पुन्हा आंबट, पुन्हा जोडलेले.

हे कसं होतं? जेलीच्या मुख्य साखळीला बाजूनं लोंबणारे छोटे धागे आहेत, हाताच्या बोटांसारखे. प्रत्येक बोटाच्या टोकाला एक आंबट गट आहे. बाहेर आंबट नसलं की त्या टोकांवर भार असतो, या तुकड्याची बोटं त्या तुकड्याच्या बोटांना दूर लोटतात. बाहेर आंबट झालं की भार मरतो आणि बोटं एकमेकांत गुंततात. दुधाचं आणि लिंबाचं गणित आठवा, तेच आहे हे. खरी कारागिरी बोटाच्या लांबीत आहे. आखूड असली तर समोरच्या बोटापर्यंत पोचतच नाहीत, फार लांब झाली तर स्वतःच्याच घोळक्यात वळून बसतात. आम्हाला यात आमच्या गटाचं बरंच काही दिसलं, पण तो विषय आज नको.

आता हे कशासाठी? आपलं पोट आंबट आहे. पोटाला आतून व्रण पडला, कधी भोकही पडतं, तर तिथं टाका घालणं सोपं नसतं. ही जेली आंबटातच चिकटते, म्हणून पोटातलं भोक बुजवायला किंवा व्रणाच्या जागी औषध धरून ठेवायला तिचा उपयोग होऊ शकेल, असं त्या संशोधकांनी सुचवलं. शायनीताई नंतर ड्यूक नावाच्या विद्यापीठात गेल्या. तिथं त्यांच्या चमूनं मोडलेलं हाड लवकर जुळावं म्हणून एक पट्टी तयार केली. हाड मोडलं की शरीर स्वतःच एक रसायन त्या जागी सोडतं, ते पट्टी धरून ठेवते. उंदरांवर तिनं काम केलं.

उंदरांवर. हा शब्द मुद्दाम दोनदा म्हणतो, कारण आम्ही हे बैठकीत सांगितलं तेव्हा प्लास्टरवाल्या म्हातारीनं लगेच विचारलं, "मंग थे पट्टी इथं दवाखान्यात कधी येईन?" आम्ही तिला खोटी आशा दिली नाही. प्रयोगशाळेतली जेली आणि दवाखान्यातलं औषध यांच्यामध्ये अनेक वर्षं असतात. आधी जनावरं, मग थोडी माणसं, मग पुष्कळ माणसं. बऱ्याच गोष्टी मधेच थांबतात. साखर वाढली की आपोआप इन्सुलिन सोडणारी जेली करायचा प्रयत्न जगभर अनेक जण कितीतरी वर्षं करत आहेत. ती आली तर आपल्या किती बायांच्या रोजच्या सुया कमी होतील, याचा हिशेब आम्ही मनात करून बघितला. पण आज कुणी दारावर येऊन "ही स्मार्ट पट्टी लावा, शुगर बंद" असं म्हणत असेल, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. इन्सुलिन किंवा गोळी मात्र बंद करू नका.

मग आज आपल्या हातात काय आहे? हातात आहेत त्या गोळ्या, ज्यांच्यात हे ज्ञान आधीच भरलेलं आहे. आवरणाची गोळी, दिवसभर झिरपणारी गोळी. त्या बनवायला कुणीतरी वर्षानुवर्षं डोकं लावलं आणि आपण त्या खलबत्त्यात घालतो.

गोळीच्या पट्टीवर इंग्रजीत बारीक अक्षरं असतात. घरातल्या शाळकरी पोरीला वाचायला लावा. नावाच्या शेवटी एस.आर., एक्स.आर., ई.आर., सी.आर., एम.आर. किंवा पी.आर. असं काही असेल, किंवा 'सस्टेन्ड रिलीज', 'प्रोलॉन्ग्ड रिलीज' लिहिलं असेल, तर ती हळू सुटणारी. 'एन्टरिक कोटेड' किंवा 'गॅस्ट्रो-रेझिस्टंट' असेल तर ती पोट ओलांडून जाणारी. या कुटायच्या नाहीत, चावायच्या नाहीत. मधोमध रेघ असलेल्या काही गोळ्या मोडता येतात, पण रेघ आहे म्हणून कुटता येते असं नाही. मोडायची की नाही, हे औषध देणाऱ्याला विचारूनच ठरवा. आणि अक्षरं नसली म्हणजे कुटायला मोकळ्या, असंही समजू नका. विचारायचं म्हणजे विचारायचं.

गिळता येत नसेल तर ते लपवू नका. हीच आमची सगळ्यात मोठी चूक होती. म्हातारीला गोळी गिळता येत नाही, हे सून डॉक्टरांना कधी बोललीच नाही. तिला वाटलं, एवढ्याशा गोष्टीसाठी मोठ्या माणसाचा वेळ कशाला घ्या. सांगितलं असतं तर दुसरी छोटी गोळी, पातळ औषध किंवा दिवसातून दोनदा घ्यायची साधी गोळी, काहीतरी मार्ग निघाला असता. आता निघाला आहे. म्हातारीला दोन वेळची छोटी गोळी मिळाली. ताठ बसून, आधी घोटभर पाणी पिऊन घसा ओला करायचा, मग गोळी, मग पुन्हा पाणी. निजून गोळी घ्यायची नाही. ॲसिडिटीची गोळी जेवणाआधी अर्धा तास, रिकाम्या पोटी. आणि इतके दिवस कुटून घेतलेली गोळी एकदम बंद करू नका, चूक कळली म्हणून औषधच सोडलं तर ती दुसरी चूक. आधी विचारा.

आमच्या गटानं एक केलं. दर महिन्याच्या बैठकीत, वसुली झाल्यावर, घरातल्या चालू गोळ्यांच्या पट्ट्या सगळ्यांनी आणायच्या. आशाताई आणि आम्ही मिळून बघतो. ज्या पट्टीवर ती अक्षरं असतील तिच्या पाठीला लाल टिकली लावतो, आपल्या कपाळाचीच. टिकली दिसली की खलबत्त्याला हात लावायचा नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही टिकली कळते. पहिल्याच बैठकीत एकोणीस पट्ट्या आल्या आणि सहांवर टिकली लागली. त्या सहांपैकी तीन घरांत गोळी कुटून दिली जात होती. मात्र पट्टी कापताना टिकलीचा आणि नावाचा भाग शेवटपर्यंत ठेवायचा, हे आम्हाला दुसऱ्या महिन्यात सुचलं. तोवर दोन पट्ट्यांची नावंच कापून गेली होती.

तुमच्या गटात हे करायचं असेल तर ग्रामसंघाच्या बैठकीत सांगा, आम्ही येऊ. टिकलीचं पाकीट तुमचं तुम्ही आणा. हळद, चुना, लिंबू आणि एक पातळ पॅड आम्ही घेऊन येतो. नमस्कार.